गॅलरीत आलेला सन कन्युअर : पिंजऱ्यापासून पोच मिळेपर्यंतचे सव्वीस दिवस

जानेवारी २०२५. ठिकाण पुणे, कोथरूड, चौथा मजला. थंडीत चुकून दारी आलेल्या परदेशी पोपटाचं नेमकं काय करायचं हे त्या वेळी एका जागी कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून तारीखवार लिहून ठेवतोय. पक्षी पकडणं हे यातलं सगळ्यात छोटं काम होतं. खरं काम त्यानंतरचं, कारण सापडलेला पक्षी आपला होत नाही. तो फक्त आपल्या जबाबदारीवर येतो.

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी सव्वासातच्या सुमाराला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कावळ्यांची गर्दी आणि मधोमध एक पिवळा ठिपका. दुर्बिणीतून पाहिलं तर अंग पिवळं, डोकं आणि पोट केशरी, पंखांवर नि शेपटीत हिरवा-निळा, चोच काळी, डोळ्याभोवती पांढरं कडं. हा सन कन्युअर. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा, गयाना आणि ब्राझीलच्या सीमेकडचा. तिथल्या जंगलात तो आता संकटग्रस्त आहे आणि आपल्याकडे पक्ष्यांच्या बाजारात सर्रास मिळतो. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, वजन १०० ते १२० ग्रॅम, आवाज मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

असा पक्षी दिसला की लोक टेरेसवर धावतात, चादरी फेकतात, पाण्याचे फवारे मारतात. त्यानं तो आणखी उंच जातो. हातावर वाढलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला वर उडता येतं, पण तीव्र उतारानं खाली यायचं कसब त्याच्याकडे नसतं. त्यामुळे उंच झाडावर गेला की भूक लागूनही तो तिथेच अडकून बसतो. त्यात संक्रांत पाच दिवसांवर आलेली, सगळ्या झाडांवर मांजा. हुसकावणं सगळ्यात धोक्याचं.

म्हणून त्या दिवशी फक्त पाहिलं आणि वेळा टिपल्या. पोपट सकाळी उजाडल्यापासून दोनेक तास आणि संध्याकाळी अंधारण्याआधी तासभर जास्त हलतात, दुपारी गप्प बसतात, रात्री जागा सोडत नाहीत. सूर्यास्ताला तो कुठे टेकला हे कळलं तर पहाटे तिथेच सापडतो. हा समोरच्या सोनमोहरावर टेकला.

शुक्रवार, १० तारीख. पहाटे गॅलरीतला थर्मामीटर ११ अंश दाखवत होता. नीट खाल्लेला सन कन्युअर ११ अंशांत मरत नाही. उपाशी पक्षी मात्र अंगात ऊब धरू शकत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खाली पडतो, म्हणून आजची संध्याकाळ महत्त्वाची होती. रिकामा पिंजरा कठड्याला तारेनं पक्का बांधला. दार वर सरकणारं होतं. त्याला चार मीटर सुतळी बांधून ती खोलीत आणली. पिंजऱ्याच्या टपावर थोडी कांगणी (पक्ष्यांना घालतात ते बारीक धान्य), दारात मक्याचे दोन उकडलेले दाणे, आत खोलवर कणसाचा तुकडा आणि सूर्यफुलाच्या बिया. रंग उठून दिसावा म्हणून खाली पांढरा टॉवेल.

मोबाइलवर सन कन्युअरच्या हाकेचा आवाज लावला, पण सलग नाही. वीस सेकंद आवाज, मग तीन-चार मिनिटं शांतता. सलग लावला की पक्षी बिथरू शकतो. शिवाय शांतता असल्याशिवाय त्याचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. घरात दोन बजी आहेत (ज्यांना अख्खा महाराष्ट्र लव्हबर्ड म्हणतो, ते). त्यांचा पिंजरा आमिष म्हणून बाहेर ठेवायचा मोह झाला होता. ठेवला नाही, कारण अनोळखी पोपटाबरोबर काय रोग येतो ते माहीत नसतं.

५.३५ ला तो टपावर उतरला. दारात आला, दाणा उचलून बाहेर पळाला. इथे माझी चूक होता होता राहिली. सुतळी ओढली असती तर दार शेपटीवर बसलं असतं. पक्षी पूर्ण आत जाऊन, पाठमोरा होऊन खायला लागेपर्यंत थांबायचं, निदान दोनदा आत-बाहेर करू द्यायचं. तिसऱ्या वेळी तो कणसावर बसला आणि ६.१० ला दार खाली आलं. लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाकली. अंधार झाला की पोपट शांत होतो.

पिंजऱ्यातून खोक्यात हलवायला मंद उजेडात हात टॉवेल वापरावा. अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे चावता येत नाही. बाकीची बोटं पाठीवर. छातीवर दाब अजिबात नको. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट आवळून धरलेला पक्षी हातात गुदमरून मरतो आणि लोकांना वाटतं घाबरून गेला.

छातीचं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं, म्हणजे दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं. पिसं फुगवलेली, डोळे मिटत होते. श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत नाही ना, हे मुद्दाम पाहिलं. तशी होत असेल तर रात्र न काढता डॉक्टर गाठायचा.

खोका बुटांचा नको, मोठा हवा. आमचा साधारण ४५ बाय ३० सेंटिमीटरचा होता, बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं, तळाला किचन टॉवेल. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवली, अर्ध्याच, म्हणजे नको झाल्यास पक्ष्याला सरकता येतं. आत २८ ते ३० अंश हवेत. पहिल्या अर्ध्या तासात आत ३४ झाले आणि तो चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरून बसला. पाणी फार कढत होतं. पिशवी काढून दहा मिनिटं झाकण उघडं ठेवलं. खोक्यात थर्मामीटर नसता तर हे लक्षात आलं नसतं. तो औषधाच्या दुकानात तेव्हा अडीचशेच्या आत मिळाला.

पहिल्या रात्री खायला मऊ भात, पपईची बारीक फोड, कांगणी आणि उथळ वाटीत पाणी. तोंडात काहीही घालायचं नाही. ड्रॉपरनं पाणी पाजणं ही यातली सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक चूक. पोपटाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध, पाव, चहात बुडवलेलं बिस्किट, चॉकलेट, अॅव्होकॅडो, कांदा यांतलं काही नको. संक्रांतीच्या दिवशी शेजारून वाटीभर तिळगुळ ‘पोपटासाठी’ आला, तो आम्हीच खाल्ला.

खोलीचा पंखा बंद, खिडक्यांना पडदे, आरशावर चादर. अगरबत्ती आणि डासांची कॉइल बंद. नॉनस्टिक तवा कपाटात गेला तो पक्षी जाईपर्यंत बाहेर आला नाही. टेफ्लॉनचा लेप जास्त तापला की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि ती वाफ आपल्याला जाणवतही नाही. काही रूम हीटरच्या आतही तसाच लेप असतो, म्हणून हीटर लावला नाही.

त्याच रात्री वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. उत्तर मिळालं की जखमी नसेल तर सोमवारी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी द्या. फोनची वेळ वहीत लिहिली. ही वही पुढे फार कामाला आली. त्यात वेळ, वजन, खाणं, विष्ठा, फोन, खर्च, सगळं एकाच जागी.

शनिवार, ११ तारीख. दोन दवाखान्यांनी पक्षी बघत नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं साडेचारची वेळ दिली. फोनवर ‘पक्षी’ न म्हणता ‘एक्झॉटिक बघता का’ असं विचारलं की वेळ वाचतो. जाताना दोन गोष्टी न्याव्यात, सकाळचं उपाशीपोटीचं वजन आणि खोक्यातला विष्ठेचा टॉवेल, न पुसलेला. वजन स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर ९१ भरलं. विष्ठेत तीन भाग दिसायला हवेत, घट्ट हिरवट-तपकिरी भाग, पांढरा चुन्यासारखा भाग आणि भोवती पाणी. पोटात काही नसलं की घट्ट भाग अगदी थोडा आणि गडद हिरवा होतो, तसाच होता.

डॉक्टरांनी तोंड, अन्नाची पिशवी, पंख तपासले, मायक्रोचिपसाठी स्कॅनर फिरवला (नव्हती), विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग घशाचा आणि मागचा स्वॅब आणि रक्ताचा थेंब तीन पीसीआर चाचण्यांसाठी पाठवला. त्यातली महत्त्वाची क्लॅमिडिया सिटाकी. हा जंतू माणसाला होतो, साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. अहवालाला नऊ दिवस लागले. तोवर त्या खोलीत एन-९५ मास्क, आणि विष्ठा आधी फवाऱ्यानं ओली करून मगच पुसायची. वाळलेली झाडली की तिची धूळ श्वासात जाते. बजींचं दाणापाणी आधी, या पाहुण्याचं नंतर, मग हात धुवायचे. हा क्रम एकदाही उलटा होऊ दिला नाही. फी ७०० रुपये, विष्ठा तपासणी २५०, तिन्ही पीसीआर २,७००.

दवाखान्यातच पक्ष्याच्या पायातली रिंग (पैदास करणारे ओळखीसाठी घालतात ते कडं) नीट वाचली. उजव्या पायात फिकट निळी, बंद रिंग. बंद म्हणजे कुठेही फट नसलेली. पिल्लू साधारण दोन आठवड्यांचं असताना ती पंजावरून सरकवतात, मोठ्या पक्ष्याला घालता येत नाही. फट असलेली उघडी रिंग कधीही घालता येते, त्यामुळे पुरावा म्हणून तिचं वजन कमी. रिंगवर आद्याक्षरं, दोन आकडी वर्ष आणि अनुक्रमांक असतो. मोबाइलच्या टॉर्चनं, मॅक्रोमध्ये, तीन बाजूंनी फोटो काढावेत. एका फोटोत पूर्ण क्रमांक येत नाही.

आता कायदा. घोटाळा होतो तो इथेच. आपला देशी राघू आणि करण पोपट वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं हा गुन्हा. परदेशी पोपटांचं वेगळं. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) कराराच्या परिशिष्टांतल्या प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. त्यांतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं कलम ४९-एम खाली नोंदणी करायची. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. आधीपासून पाळलेल्यांना सहा महिने, त्यानंतर ताबा आल्यापासून ३० दिवस. अर्ज ‘परिवेश २.०’ पोर्टलवर, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, शुल्क १,००० रुपये. सन कन्युअर परिशिष्ट २ मध्ये आहे. बजी आणि कॉकाटील कुठल्याच परिशिष्टात नाहीत, त्यांना हे लागू नाही. म्हणजे सापडलेला पक्षी कॉकाटील असता तर यातला निम्मा कागद वाचला असता.

सोमवार, १३ तारीख. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. टेबलावरचा पहिला प्रश्न, “हा आपल्याकडचा नाहीये ना? मग आमच्याकडे कशाला?” प्रश्न रागाचा नव्हता, खरोखरच पडलेला होता. अनुसूची ४ चं पान छापून नेलं होतं, ते पुढे केल्यावर अर्ज घेतला गेला. अर्ज एका पानाचा असावा. कधी, कुठे, कसा सापडला. वर्णन. रिंग आहे एवढंच वाक्य, आणि क्रमांक बंद पाकिटात जोडलेला. दोन फोटो. डॉक्टरांचं पत्र. आणि ठळक एक वाक्य, ‘सदर पक्षी मूळ मालक मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळत असून त्यावर मालकी हक्क सांगत नाही.’ दोन प्रती. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय निघायचं नाही. पन्नास मिनिटं लागली, त्यातली पस्तीस शिक्क्याची पेटी उघडण्यात.

तिथून पोलीस चौकी. “पोपट हरवला का सापडला?” असं दोनदा विचारून स्टेशन डायरीत नोंद झाली. याला महत्त्व आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर ती नीट जपायची जबाबदारी येते. आणि मालकाचा शोध न घेता ती आपलीशी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, अप्रामाणिक अपहार. दहा मिनिटांच्या नोंदीनं तो प्रश्न मिटतो.

सोसायटीत तोवर एकच सूर होता, “सोडून द्या हो बिचाऱ्याला, मुक्त राहू दे.” मुक्त म्हणजे कावळे, शिक्रा आणि मांजा. शिवाय पाळीव पोपटांतला चोच-पिसांचा विषाणू बाहेरच्या राघूंना लागू शकतो. त्या तीन पीसीआरमधली एक त्याचीच होती.

मालक शोधण्याची रीत अशी ठेवली. सूचनेत ‘पिवळा-केशरी पोपट, कोथरूड परिसर’ एवढंच. फोटोत पाय दिसू द्यायचे नाहीत, रिंग आहे की नाही हेही लिहायचं नाही. ओळखीच्या गटांपेक्षा कांगणी विकणाऱ्या दुकानांचा उपयोग जास्त झाला. कोणाचा पक्षी उडाला हे दाणेवाल्याला आधी कळतं. पाच दुकानं आणि चार दवाखान्यांत चिठ्ठी लावली.

दावेदाराला तीन प्रश्न, आणि उत्तर सुचवायचं नाही. पायात काही होतं का, कुठल्या? अंगावर एखादी खूण? उडण्याआधीचा, तारीख दिसणारा फोटो किंवा व्हिडिओ? १६ जानेवारीला पहिला फोन आला. त्यानं आधी विचारलं, “जोडी आहे का?” दुसरा २१ ला. त्याच्या फोटोतल्या पक्ष्याच्या पाठीवर हिरवं जास्त होतं. कोवळ्या सन कन्युअरच्या अंगावर हिरवा रंग असतो, तो जाऊन पूर्ण पिवळा व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे जुना फोटो म्हणून हे पटण्यासारखं होतं. पण रिंग नव्हती, आणि बंद रिंग नंतर घालता येत नाही. पक्षी दावेदाराच्या खांद्यावर गेला म्हणजे त्याचाच, असंही धरू नये. हातावर वाढलेला कन्युअर कुणाच्याही खांद्यावर जातो, आमच्या गॅसवाल्याच्याही गेला.

दरम्यान पीसीआरचे तिन्ही अहवाल २० तारखेला निगेटिव्ह आले. वजन ११ ला ९१, १२ ला ८९, १४ ला ९४, २० ला १०३. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर वाट बघायची नाही. खाण्यात हळूहळू बिया कमी करून शेवग्याचा पाला, गाजर, उकडलेले मूग, ढोबळी मिरची आणली. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेले पोपट जाड दिसतात आणि ‘अ’ जीवनसत्त्वाला मुकतात. शेवगा तीन दिवस नुसता फेकला, चौथ्या दिवशी ओला करून पिंजऱ्याच्या छताला टांगला तेव्हा आधी त्यात आंघोळ केली, मग खाल्ला.

२ फेब्रुवारी, रविवार. एका दाणेवाल्यामार्फत फोन आला. पक्षी ८ जानेवारीच्या संध्याकाळी, गॅलरीची जाळी धुवायला काढलेली असताना उडाला होता. घर आमच्यापासून सरळ रेषेत अडीच किलोमीटरवर. न विचारता सांगितलं, “उजव्या पायात निळी रिंग, आणि डाव्या पायाच्या मागच्या एका बोटाला नखी नाही.” नखीचं आम्ही कुठेच बोललो नव्हतो, डॉक्टरांच्या पत्रात मात्र होतं. त्यांच्याकडे परिवेशचं नोंदणी प्रमाणपत्र होतं, त्यावरचा रिंग क्रमांक आमच्या फोटोतल्याशी अक्षर-अक्षर जुळवून पाहिला.

तरी त्याच दिवशी दिला नाही. सोमवारी प्रमाणपत्राची प्रत घेऊन पुन्हा परिक्षेत्र कार्यालय, तिथून होकार मंगळवारी, हस्तांतर बुधवार ५ फेब्रुवारीला. आमच्या ३० दिवसांना चार दिवस शिल्लक होते. साध्या कागदावर पावती केली. दोघांची नावं-पत्ते, रिंग क्रमांक, देतानाचं वजन (११० ग्रॅम), वैद्यकीय अहवालांची यादी, दोन साक्षीदार. एक प्रत कार्यालयात, एक चौकीत, दोन आमच्याकडे. खर्च सगळा मिळून ४,६८० रुपये झाला, बिलांसकट समोर ठेवला आणि त्यांनी दिला. करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे सापडलेली वस्तू सांभाळायला आलेल्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण तो मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवता येते. जिवंत पक्षी असा अडवून धरू नये, हे माझं मत. बिलं मात्र जपावीत.

त्यानंतर खोली. आधी सगळं साबणाच्या पाण्यानं, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, खिडक्या उघड्या. पिंजरा दोन दिवस कडक उन्हात, खोका कचऱ्यात. बजी त्या खोलीत मार्च लागल्यावर गेले. घरातल्या चौघांचा ताप पुढचे दोन आठवडे रोज रात्री त्याच वहीत लिहिला. शेवटची नोंद १९ फेब्रुवारीची, चौघांचाही ९८ च्या आसपास.